गळ्यांतील ग्रंथि व मनाचा तोल

आमच्या भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चाललेला असतो. ज्यांचें आयुष्य त्या आवाजांत गेलें, त्यांना तो ऐकूं येत नाहीं. बंद पडला म्हणजे मात्र त्यांची झोप मोडते. माझ्या लहानपणीं शेजारच्या आळींत नात्यांतली एक काकू राहत असे. तिला हा आवाज एकाएकीं निराळा ऐकूं येऊं लागला. माग आपलें नांव घेऊन बोलतात, शेजारणी आपल्या भाजींत कांहींतरी कालवतात, असें ती म्हणे. ही १९७१ सालची गोष्ट. मी तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होतों. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसे, पापण्या जड असत, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता आणि एकेक शब्द शोधून काढल्यासारखें तिचें बोलणें असे. वैशाखांत आमच्या अंगाची लाही होई, तेव्हां ती गोधडी पांघरून बसे. घरच्यांनीं तिला आधीं आळशी ठरविलें, मग विसरभोळी, आणि शेवटीं वेडी. दोन देवस्थानें झालीं, एका मांत्रिकाचा धूर झाला. डॉक्टराकडे तिला एकदांच नेलें, तें पायांची सूज दाखवावयास. आम्ही पोरें तिच्या दाराशीं उभीं राहून तिच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करीत असूं. दोन हिवाळे गेले आणि तीहि गेली.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाली. वैद्यकाच्या इतिहासावरील एका पुस्तकांत, लंडनच्या एका डॉक्टरानें १८७३ सालीं केलेलें कांहीं स्त्रियांचें वर्णन माझ्या वाचनांत आलें. फुगलेला चेहरा, जाड झालेली जीभ, मंद बोलणें, सदैव वाजणारी थंडी. वाचतां वाचतां पुस्तक मांडीवर टेकलें. डोळ्यांपुढें काकू उभी होती. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, वैद्य नव्हे. म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरांस सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मास्तर, पन्नास वर्षांमागच्या माणसाचें निदान मी करणार नाहीं. पण आज त्या माझ्यासमोर आल्या असत्या, तर पहिल्याच दिवशीं मीं त्यांचें रक्त थायरॉइडसाठीं तपासावयास पाठविलें असतें.” त्या एका वाक्यामुळें आजचा हा विषय मीं निवडला आहे.

गळ्याला येणारी गांठ आपल्या देशाला नवी नाहीं. सुश्रुतानें निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत गलगंडाचें वर्णन केलें असून वात, कफ व मेद यांपासून होणारे त्याचे प्रकार सांगितले आहेत. उन्मादाचें विवेचनहि आपल्या वैद्यकांत विस्तारानें आहे. परंतु गलगंड एका अध्यायांत आणि उन्माद दुसऱ्या अध्यायांत, अशी ही विभागणी राहिली. युरोपांतील वैद्यकांतहि शतकानुशतकें हाच प्रकार होता. गळा पाहणारा मन पाहत नसे आणि मन पाहणाऱ्याचें लक्ष गळ्याकडे जात नसे. या दोन अध्यायांची गांठ कशी पडली, हीच आजची कथा आहे.

कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी एक ग्रंथि असते. तिला मराठींत अवटु ग्रंथि म्हणतात. बोलण्यांत आपण सारे थायरॉइडच म्हणतों. वजन अवघें वीस ग्रॅमच्या आसपास. आयोडीन घेऊन ती जो रस तयार करते, तो रक्तांतून सर्व शरीरांत जातो आणि प्रत्येक अवयवाच्या कामाची गति ठरवितो. रस कमी पडला कीं हृदय मंदावतें, आंतडीं सुस्तावतात, कातडी कोरडी पडते. अधिक झाला कीं छातींत धडधड, हातांस कंप, घाम, आणि भरपूर खाऊनहि वजनांत घट. मेंदू हाहि एक अवयवच. त्याला या नियमांतून सूट कशी मिळावी?

परंतु हें ध्यानांत येण्यास बराच काळ लागला. १८७३ सालीं सर विल्यम गल यांनीं प्रौढ स्त्रियांना जडणाऱ्या या विचित्र जडतेचें वर्णन केलें. १८७८ सालीं विल्यम ऑर्ड यांनीं तिला मिक्सीडीमा असें नांव दिलें. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें, जेथें डोंगराळ भागांत गलगंड घरोघर दिसे, थिओडोर कोचर हे शस्त्रवैद्य गळ्यांतली गांठ समूळ काढीत होते. शस्त्रक्रियेंत त्यांचा हात कोणी धरूं शकत नसे. परंतु ज्या मुलीची ग्रंथि त्यांनीं पूर्वीं काढली होती, तिचा स्वभाव पार बदलला, बुद्धि मंदावली, असें त्यांच्या कानांवर आलें. तेव्हां त्यांनीं आपले जुने रोगी पुन्हां बोलावून तपासले. ज्यांची संपूर्ण ग्रंथि काढली होती, त्यांतील बहुतेकांची दशा तशीच झालेली दिसली. १८८३ सालीं कोचर यांनीं ही गोष्ट भर सभेंत सांगितली आणि संपूर्ण ग्रंथि काढणें टाकून दिलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तें त्यांच्या कौशल्याला मिळालें हें खरेंच. पण आपल्याच हातून झालेली हानि मोजावयास बसण्याचें धैर्य मला त्याहून मोठें वाटतें.

त्याच १८८३ सालीं लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनें या रोगाच्या चौकशीसाठीं एक समिति नेमली. समितीनें शंभराहून अधिक रोग्यांची माहिती गोळा केली आणि १८८८ सालीं अहवाल दिला. गलांच्या स्त्रिया, कोचरांचे रोगी आणि डोंगराळ मुलखांतलीं जन्मतः मंदबुद्धि मुलें, या तिघांच्या मुळाशीं एकच कारण आहे, तें म्हणजे अवटु ग्रंथीचा अभाव अगर नाश, असा तिचा निष्कर्ष होता. आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरें वाक्य अधिक महत्त्वाचें. रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना भ्रम अथवा भास होत असत, विशेषतः रोग वाढल्यावर, असें समितीनें नमूद केलें. नसलेले आवाज ऐकूं येणें, आपल्यावर कोणी विषप्रयोग करीत आहे असें वाटणें, हीं मनाचीं दुखणीं गळ्यांतल्या ग्रंथीपासून उद्भवूं शकतात, हें अशा रीतीनें १८८८ सालींच छापून निघालें होतें.

उपायहि लौकरच सांपडला. १८९१ सालीं न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीस टोंचला. कांहीं महिन्यांत ती ओळखूं येऊं नये इतकी बदलली. पुढें हा अर्क पोटांत घेऊनहि चालतो असें आढळलें. ती स्त्री त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली आणि तेवढ्या काळांत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि तिच्या औषधास लागल्या, असा हिशेब मरे यांनीं दिला आहे. १९१४ सालीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं त्या रसांतील मुख्य द्रव्य, थायरॉक्सिन, शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. १९२७ च्या सुमारास हॅरिंग्टन व बार्जर यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें. आज सकाळीं अनशेपोटीं घेतली जाणारी छोटी पांढरी गोळी ती हीच.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांत कुलाबा, पुणें, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथें वेड्यांचीं इस्पितळें होतीं. आमच्या जिल्ह्यांतलें ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. जुन्या इस्पितळांच्या नोंदवहींत वेडाचें कारण असा एक रकाना असे. तो कसा भरला जाई, हें १८९३-९४ च्या हेंप कमिशननें तपासून पाहिलें. कारणाच्या रकान्यांत गांजा असें जेथें लिहिलें होतें, तेथें पुष्कळदां पोलिसांच्या कागदावरचा शेरा तसाच उतरवून घेतला होता; खरी चौकशी कोणी केली नव्हती, आणि ती नोंद विश्वासास पात्र नाहीं, असें कमिशनला आढळलें. रकाना रिकामा ठेवणें माणसाला आवडत नाहीं. कचेरींत गांजा लिहीत, घरांत आपण बाहेरचें लागलें असें म्हणतों, करणी म्हणतों, अगर सोंग म्हणतों. खरें कारण शोधण्याचे श्रम त्यामुळें वांचतात, एवढेंच.

हिंदुस्थानांत या ग्रंथीचा खोल अभ्यास झाला नाहीं असें मात्र नाहीं. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं शतकाच्या आरंभीं गिलगिट व चित्रळच्या दऱ्यांत गलगंडाचा आणि त्याबरोबर येणाऱ्या जन्मजात मंदत्वाचा अभ्यास केला. स्वातंत्र्यानंतर डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासून कांगडा खोऱ्यांत आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. गलगंडाचें प्रमाण झपाट्यानें उतरलें आणि १९६२ सालीं देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. आम्हां कोंकणपट्टीच्या लोकांस वाटे, आमच्या दाराशीं समुद्र, जवळच मिठागरें, आम्हांला आयोडीनची काय वाण? परंतु समुद्राच्या साध्या मिठांत आयोडीन अगदींच थोडें असतें. तें वरून घालावें लागतें. खाण्याच्या मिठांत तें असलेंच पाहिजे, असा नियम आपल्या देशांत २००६ पासून पुन्हां लागू आहे.

मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आयोडीनची उणीव हें या रोगाचें एकच कारण नव्हे. मीठ सुधारल्यावरहि शहरांतल्या, सुखवस्तु घरांतल्या स्त्रियांना हा विकार होतोच. त्याचें कारण १९१२ सालीं जपानच्या क्यूशू येथील एका तरुण शस्त्रवैद्याच्या सूक्ष्मदर्शकाखालीं आलें. त्यांचें नांव हाकारू हाशिमोतो. चार प्रौढ स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथींत त्यांना रक्तांतील पांढऱ्या पेशींची दाटी झालेली दिसली. त्यांनीं तें वर्णन एका जर्मन नियतकालिकांत छापलें. पुढें ते आपल्या गांवीं परतून साधी वैद्यकी करीत राहिले आणि १९३४ सालीं विषमज्वरानें वारले. आपल्या शोधाचा अर्थ त्यांना हयातींत कळला नाहीं.

तो अर्थ १९५६ सालीं उलगडला. शरीराची रोगप्रतिकारशक्ति स्वतःवर कधींच उलटत नाहीं, असें त्यापूर्वीं पॉल अर्लिख यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञापासून सर्वजण मानीत आले होते. त्या वर्षीं अमेरिकेंत रोझ व विटेब्स्की यांनीं दाखविलें कीं, सशाला त्याच्याच जातीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून त्याच्या शरीरास स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध उठवितां येतें. लंडनमध्यें डॉ. डेबोरा डोनियाक, रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांस हाशिमोतोच्या रोग्यांच्या रक्तांत आपल्याच ग्रंथीविरुद्ध लढणारीं द्रव्यें सांपडलीं. घराच्या रक्षणास ठेवलेला पहारेकरी घरच्याच माणसास चोर समजून झोडपूं लागावा, तसा हा प्रकार. कांहींच्या बाबतींत पहारेकरी ग्रंथीस झिजवून टाकतो. तो हाशिमोतोचा रोग. कांहींच्या बाबतींत तो तिला सतत डिवचून बेसुमार काम करावयास लावतो. १८३५ सालीं डब्लिनच्या ग्रेव्ह्ज यांनीं वर्णिलेला रोग तो हा. हे दोन्ही विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत कितीतरी पटींनीं अधिक आढळतात.

मनावर यांचे परिणाम कसे दिसतात? ग्रंथि मंदावली तर उदासी, विसर, झोपाळूपणा, कामांत मन न लागणें. रोग फार वाढला तर संशय आणि भास. ग्रंथि बेफाम झाली तर अस्वस्थता, चिडचीड, निद्रानाश, आणि क्वचित् उन्मादाची अवस्था. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षांत कांहीं स्त्रियांच्या ग्रंथीस अशीच सूज येते. आधीं धडधड व बेचैनी, मग सुस्ती व खिन्नता. घरांत त्याला सुनेचे चोचले म्हणतात. याखेरीज एक अतिविरळ विकार आहे. १९६६ सालीं लॉर्ड ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाशिमोतोच्या एका रोग्यास वारंवार झटके, भ्रम व बेशुद्धि येत असल्याचें लिहून ठेवलें. पुढें असे आणखी रोगी आढळले आणि त्यांतील पुष्कळांना स्टिरॉइड औषधांनीं गुण आला. याचा उलगडा अजून पुरता झालेला नाहीं.

१८८८ सालीं जें छापून निघालें, तें डॉक्टर लोकहि विसरले होते. १९३७ सालच्या क्रोनिन यांच्या ‘द सिटाडेल’ या कादंबरींत, ज्याला वेडा ठरवून इस्पितळांत धाडावयाचें होतें, अशा एका इसमाचा रोग हाच आहे, हें तरुण डॉक्टर ओळखतो, असा एक प्रसंग आहे. १९४९ सालीं लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनीं असे चौदा रोगी वर्णन केले. त्यांतले कित्येक वेड्यांच्या इस्पितळांत धाडले गेले होते. ग्रंथीचें औषध सुरू केल्यावर त्यांतले बहुतेक शुद्धीवर आले. हा रोग ओळखण्यास कठीण नाहीं. तो मनांत येत नाहीं म्हणून निसटतो, हें त्यांच्या लेखाचें सार आहे.

मुंबईच्या परळ भागांत १९६३ सालीं रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. किरणोत्सर्गी आयोडीनच्या साहाय्यानें अवटु ग्रंथीची परीक्षा व उपचार तेथें होऊं लागले. श्रोतेहो, भिवंडीहून परळ चाळीसएक किलोमीटर. काकू आजारी पडली, तेव्हां औषध निघून ऐंशीं वर्षें झालीं होतीं आणि तपासणीचें स्थान आगगाडीच्या एका तिकिटाइतकें जवळ होतें. आम्ही मात्र तिला त्याहून कितीतरी दूरच्या देवस्थानीं घेऊन गेलों.

आज तर एवढेंहि लांब जाण्याचें कारण नाहीं. मेंदूच्या तळाशीं पीयूषिका नांवाची ग्रंथि आहे. ती या कारखान्याची मुकादम. कामगार मंदावला कीं मुकादमाचा आवाज चढतो, तशी अवटु ग्रंथि थकली कीं पीयूषिकेचा रस रक्तांत वाढतो. तोच टी. एस. एच. रक्तांतलीं इतकीं सूक्ष्म द्रव्यें मोजण्याची रीत बर्सन व श्रीमती यालो यांनीं शोधून काढली. यालो यांस त्याबद्दल १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज ही तपासणी तालुक्याच्या गांवींहि होते.

आतां एक इशारा दिल्यावांचून मला खालीं बसतां येणार नाहीं. माझें बोलणें ऐकून कोणी असें समजूं नये कीं, सारीं मनाचीं दुखणीं गळ्यांतून येतात. बहुसंख्य मनोविकारांचा या ग्रंथीशीं संबंध नसतो. ग्रंथीविरुद्धचीं द्रव्यें रक्तांत सांपडलीं म्हणजे रोग सिद्ध झाला असेंहि नाहीं. तीं कित्येक निरोगी स्त्रियांतहि आढळतात. मानसोपचारतज्ज्ञाचें औषध चालूं असेल तर तें आपल्या मनानें बंद करणें घातक आहे. तसेंच थायरॉइडची गोळी उत्साहासाठीं घेणेंहि घातक आहे. उलट लिथियमसारखें औषध चालूं असतां या ग्रंथीवर त्याचा परिणाम होऊं शकतो, म्हणून अशा रोग्याचें रक्त मधूनमधून तपासावें लागतें. निर्णय डॉक्टरांचा, आपलें काम एवढेंच कीं, माणूस त्यांच्यापर्यंत पोंचवावयाचा आणि पायांच्या सुजेबरोबर बदललेला आवाज, वाजणारी थंडी आणि मनांतले संशयहि त्यांस सांगावयाचे. आमच्या घरानें तें सांगितलें नाहीं. वेडाची लाज वाटली म्हणून सूज तेवढी दाखविली, आणि डॉक्टरांस अर्धाच रोगी पाहावयास मिळाला.

कायदाहि आतां बदलला आहे. १९१२ च्या कायद्यांत वेड्यास कोंडून कसें ठेवावें याचा विचार मुख्य होता. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा माणसाचा हक्क मानला आहे. भूत उतरविण्याच्या मिषानें मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ पासून गुन्हा आहे. परंतु घरांतल्या बाईस आळशी म्हणणें कोणत्याच कायद्यांत बसत नाहीं, आणि तिच्या दुःखाचा आरंभ पुष्कळदां तेथूनच होतो.

काकूला हाच रोग होता कीं दुसरा, हें आतां कधींच ठरणार नाहीं. त्यानें माझें समाधानहि होणार नाहीं, कारण माझा दोष निदानाचा नव्हता. तिचा आवाज बदलला होता, हें मला इतकें नीट कळलें होतें कीं मी त्याची हुबेहूब नक्कल करीत असें. तो कां बदलला, असें मात्र मीं एकदांहि कोणास विचारलें नाहीं. आपल्या घरांत, शेजारीं, एखादी बाई एकाएकीं मंदावली, अबोल झाली, उन्हाळ्यांत पांघरूण शोधूं लागली, अगर भलतेंच बोलूं लागली, तर कारणाचा रकाना आपल्या अटकळीनें भरूं नका. तो कांहीं दिवस रिकामा राहूं द्या, आणि तिला डॉक्टराकडे घेऊन जा.